खोटं उत्तर

१

"आवाज ओळखीचा वाटला ना पोरी, की जरा जास्त थांब. अनोळखी माणसाशी आपण आपसूकच जपून असतो. घात होतो तो ओळखीच्या आवाजाने."

टेलिफोन एक्स्चेंजमधल्या पहिल्या दिवशी, कानांवर हेडफोन चढवून देता देता, मोठ्या बाईंनी हे सांगितलं होतं. पुढे मोठ्या बाई गेल्या. एक्स्चेंजही गेलं. भिंतभर पसरलेल्या भोकाभोकांच्या पाट्या आणि त्यांत खुपसायच्या वायरी भंगारात गेल्या. तो आवाज तेवढा राहिला, थोडा घोगरा, थोडा मायेचा, उन्हात वाळलेल्या सुती कापडासारखा.

ज्या पोरीला तो सांगत होता, तिची आता साठी उलटली होती. माघारी तिला सगळे टेलिफोनबाई म्हणत, समोर नुसतं बाई. निवृत्तीनंतर दर शुक्रवारी दुपारी त्या वाचनालयाच्या माडीवर वर्ग घेत. वय झालेल्या, अर्धवट वय झालेल्या आणि वय झालं हे मान्य नसलेल्या माणसांना फोन आणि कॉम्प्युटर जपून कसा वापरावा, ते शिकवत. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आता दुसऱ्यांची गुपितं झाकून ठेवायला शिकवते, असं त्या हसून म्हणत.

त्या शुक्रवारी वर्गाला अजून वेळ होता. फळ्यावर मागच्या पाठाचा एक शब्द पुसायचा राहून गेला होता : जिराफ. बाई डस्टर शोधत होत्या, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि फुलवाली दारात येऊन उभी राहिली. हातात दुकानातली कात्री तशीच होती. देठं कापता कापता उठून आली असावी.

"बाई, माझी आई गेली," ती म्हणाली.

बाई चमकल्या. फुलवालीची आई जाऊन दीड वर्ष होत आलं होतं.

"रेकॉर्डिंगं गेली हो सगळी," फुलवाली खुर्चीत कोसळत म्हणाली. "परवापासून माझा पासवर्डच लागत नव्हता. वाटलं, मीच विसरले. आत्ता खाली ग्रंथपालांनी खातं उघडून दिलं. दुकानाची बिलं आहेत, ओळखपत्रं आहेत, फोटो आहेत. आईचं फोल्डर तेवढं रिकामं."

वाचनालयाने सभासदांना कागद, फोटो, गाणी साठवायला ऑनलाइन जागा दिली होती. जुनी व्यवस्था होती. पासवर्ड विसरलात तर एक गुप्त प्रश्न विचारायची आणि उत्तर बरोबर आलं की नवा पासवर्ड करू द्यायची. याच जागेत फुलवालीने आईची गाणी ठेवली होती. आई शेवटची काही वर्षं दुकानामागच्या खोलीत अंथरुणावर होती आणि जाग असेल तेवढा वेळ गात असे. फुलवाली खिडकीच्या कट्ट्यावर फोन ठेवी आणि रेकॉर्डिंग चालू करून देई. दुसरी कुठे प्रत ठेवली नव्हती. तो पाठ व्हायचा होता.

बाईंनी चष्मा लावून खात्यातली ये-जा पाहिली. सोमवारी कुणीतरी गुप्त प्रश्नाचं उत्तर तीनदा चुकवलं होतं आणि दार दिवसभरासाठी बंद झालं होतं. बुधवारी पहिल्याच प्रयत्नात उत्तर बरोबर आलं. मग नवा पासवर्ड झाला. मग एकेक रेकॉर्डिंग वाजलं, अगदी शेवटपर्यंत. आणि मग सगळी पुसली गेली. कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी करून चोर गेला होता.

"आणि हे काय?" बाई म्हणाल्या. "बुधवारच्या आधी ही रेकॉर्डिंगं एकदाही ऐकलेली दिसत नाहीत. तूसुद्धा नाही?"

फुलवालीने मान खाली घातली. "धीर होत नव्हता."

बाईंनी ते तिथेच सोडलं. "गुप्त प्रश्न कोणता होता?"

"लहानपणी तुम्हाला घरी काय म्हणत."

"मग सोपं आहे. तुझं लाडाचं नाव ज्याला माहीत, तो चोर."

"नाही बाई," फुलवाली हळूच म्हणाली. "मी खरं उत्तर ठेवलंच नव्हतं. तुम्हीच म्हणालात ना, तिथे खोटं बोला. गेल्या शुक्रवारी वर्गातच बदललं मी. ते खोटं उत्तर माझ्याशिवाय जगात कुणालाही माहीत नाही."

२

"काय होतं ते उत्तर?"

फुलवालीने ओठ घट्ट मिटले. "तुम्हीच बजावलंत. कुणालाही सांगायचं नाही, अगदी बाई विचारू देत नाहीतर बँक."

बाईंना हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. अशी आज्ञाधारक विद्यार्थिनी मिळायला पुण्य लागतं आणि तिच्याकडून काही काढून घ्यायला त्याहून जास्त. "राहू दे. कुणावर संशय आहे?"

"गायनमास्तर," तिने क्षणही न लावता म्हटलं.

गायनमास्तर जुनी गाणी गोळा करत. वाचनालयात आवाजांचं एक दालन व्हायचं होतं. कुणीही यावं, कानाला लावावं आणि ऐकावं. त्यासाठी ते फुलवालीच्या आईची गाणी किती दिवस मागत होते. गेल्या शुक्रवारी, वर्ग सुटल्यावर, तिने एकदाचा होकार दिला. रविवारी थोरल्या बहिणीला सांगितलं. थोरली म्हणाली, घाई कशाला, विचार कर. म्हणून सोमवारी सकाळी हिने मास्तरांना थांबा म्हणून कळवलं.

"असे लालबुंद झाले म्हणता."

"आणि त्याच सोमवारी कुणीतरी दार खडखडवलं," बाई स्वतःशीच म्हणाल्या.

थोरली मुख्याध्यापिका होती. तीही याच वर्गाला येई, पहिल्या बाकावर, ताठ पाठीने. गेला शुक्रवार शाळेच्या परीक्षेमुळे तिचा बुडाला, तर मंगळवारी मधल्या सुट्टीत येऊन बाईंकडून बुडालेला पाठ समजून घेऊन गेली. दोघी बहिणींत अंतर होतं, भांडण नव्हतं. फुलवालीने आईला सांभाळलं, थोरलीने औषधपाणी पाहिलं. आईला मात्र धाकटीकडेच करमतं, माझ्याकडे यायला ती तयारच नाही, असं थोरली सगळ्यांना सांगे आणि धाकटी ते ऐकून नुसती मान हलवी.

त्या दिवशी बाईंनी वर्ग तासभर पुढे ढकलला आणि त्या फुलांच्या दुकानाला लागून असलेल्या घड्याळांच्या दुकानात शिरल्या. घड्याळजी त्यांचाच विद्यार्थी. डोळ्याला भिंग लावून तो एका मनगटी घड्याळाच्या पोटात डोकावत होता. भिंतीवरच्या घड्याळांचं एकमेकांशी पटत नव्हतं. प्रत्येक जण आपलीच वेळ खरी म्हणून टिकटिकत होता.

"फुलवाली तुमचं वाय-फाय वापरते?" बाईंनी विचारलं.

"वापरते की. पासवर्ड दुकानाच्या काचेवर चिकटवलाय. शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपयोग होतो."

"तुम्हाला पहिल्याच पाठात सांगितलं होतं, ते काढा म्हणून."

"काढणारच होतो. गोंद चांगला निघाला." त्याने भिंग वर केलं. "रेकॉर्डिंगं गेली म्हणे. बरं झालं."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. "बरं?"

"मी तिला कितीदा म्हटलं, पुसून टाक ती आणि मोकळी हो. रोज दुपारी फोन काढून समोर ठेवायची. ऐकायची नाही, नुसती बघत बसायची. माणूस गेल्यावर त्याचं घड्याळ मी चालू करून देतो बाई, पण त्याला चावी घालत बसा असं कुणाला सांगत नाही."

"म्हणून तुम्हीच पुसलीत?"

घड्याळजीने हातातला चिमटा खाली ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखच होतं. "पुसली असती," तो म्हणाला. "तिच्यादेखत, तिच्याच हाताने. चोरून नाही. आणि पुसायला आलेला माणूस आधी सगळी ऐकत बसेल कशाला? मला ऐकायला सांगितलं असतं, तर पहिल्यालाच रडलो असतो."

बाई बाहेर पडल्या. रस्त्याला वळसा घालून त्या गायनमास्तरांच्या गल्लीत आल्या. पहिल्या मजल्याची खिडकी उघडी होती आणि त्या खिडकीतून एका म्हातारीचा आवाज खाली येत होता. थकलेला, बारीक, पण सुराला पक्का.

बाईंचे पाय जागच्या जागी थांबले. आयुष्यभर आवाज ओळखून पोट भरलेला तो कान होता. फुलवालीच्या आईशी त्या दुकानात कितीदा बोलल्या होत्या. मेलेली बाई वर गात होती.

३

"दोन गं माझ्या लेकी, दोन दारांच्या चौकटी,
एकीत माझा दिवा, एकीत माझी दिठी."

बाई दार न वाजवता आत गेल्या. गायनमास्तर डोळे मिटून बसले होते. पुढ्यात फोन होता. त्यांनी डोळे उघडले, बाईंना पाहिलं आणि गाणं बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "आता लपवून काय उपयोग?"

"लपवतोय कोण?" मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "हे तिनेच पाठवलंय मला. गेल्या वर्षी. एवढं एकच गाणं. ही बघा लिंक, तेव्हाच फोनवर उतरवून घेतलं मी. माझ्याकडे एक आहे हे ती विसरलीसुद्धा असेल. कुणाला काय पाठवलं याचा हिशेब कोण ठेवतं, तुम्ही सोडून?"

लिंक खरी होती, तारीखही जुनी होती. बाई टेकल्या. गाणं पुन्हा सुरुवातीपासून लागलं. एका लेकीकडे दिवा, म्हणजे जिथे राहायचं ते घर. दुसरीकडे दिठी, म्हणजे जिकडे डोळे लागलेत ती वाट. बाईंना वाटलं, हे गाणं नुसतं पाठ केलेलं नसावं.

"सोमवारी तुम्ही चिडला होतात," त्या म्हणाल्या.

"चिडलो होतो. अजून आहे. वर्षभर हो-नाही, हो-नाही. पण बाई, विचार करा ना. मला ती गाणी हवी होती. मी घुसलो असतो तर सगळी उतरवून घेतली असती आणि गुपचूप बाहेर पडलो असतो. तिला पत्ताही लागला नसता. पुसून मला काय मिळणार? आणि तिचं लाडाचं नाव चोरायला मला घुसायची गरजच काय? मागे फोनवर ते खूळ आलं होतं ना, बालपणीचं नाव लिहा आणि तुम्ही कोणतं फूल आहात ते बघा. हिने फुलवाली असून ते लिहिलं. चिमणी लिहिलं होतं. साऱ्या जगाने वाचलं."

"मग सोमवारी तीनदा चुकणाऱ्याने चिमणी लिहून पाहिलं असणार," बाई पुटपुटल्या. "आणि ते लागलं नाही. कारण शुक्रवारीच तिने खोटं उत्तर ठेवलं."

"त्या खोट्या उत्तराचं मला सांगू नका," मास्तर जरा ओशाळले. "तुम्ही म्हणालात काहीतरी भलतंच लिहा. आता भलतं म्हणजे काय, ते ऐन वेळी सुचतं का? सगळी भलती नावं एकदम गायब होतात. शेवटी मी आपलं तुमचंच लिहिलं."

"माझं कुठलं?"

"फळ्यावरचं," मास्तर म्हणाले. "जिराफ."

४

वर्ग भरला तेव्हा हवा नेहमीची नव्हती. बातमी जिन्याने वर चढून आधीच बाकांवर येऊन बसली होती. माणसं फोन पालथे ठेवून बसली होती. शेजारच्याकडे बघायचं नाही, पण त्याने आपल्याकडे बघितलं तर कळलं पाहिजे, अशा माना. फुलवाली खिडकीशी होती. थोरली पहिल्या बाकावर, नेहमीसारखी ताठ. घड्याळजी आणि मास्तर खोलीच्या दोन टोकांना बसून एकमेकांना पाण्यात पाहत होते.

बाई फळ्याशी गेल्या. जिराफ तिथेच होता, खडूच्या पांढऱ्या अक्षरांत, मान वर करून.

गेल्या शुक्रवारी त्या मोठ्या उत्साहाने म्हणाल्या होत्या, गुप्त प्रश्नाचं खरं उत्तर कधी देऊ नका. तुमचं गाव, तुमची शाळा, तुमचं लाडाचं नाव, हे सगळं कुणीही हुडकून काढतो. तिथे मन लावून खोटं बोला. समजा विचारलं, लहानपणी घरी काय म्हणत, तर लिहा, जिराफ. सगळे खदखदून हसले होते आणि माना खाली घालून आपापल्या खात्यात काहीतरी लिहू लागले होते. बाईंना केवढा आनंद झाला होता.

"तुमचं उत्तर मला सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगा. गेल्या वेळी फळ्यावरचा शब्द आपल्या खात्यात कुणी कुणी लिहिला? डोळे मिटा सगळ्यांनी आणि हात वर करा."

डोळे मिटले. कोपऱ्यातला एक हात वर गेला. मग मास्तरांचा. मग घड्याळजीचा, अर्धाच, खांद्यापर्यंत. मग खिडकीशी फुलवालीचा. मग एकामागून एक, वाऱ्याने गवत उठावं तसे. वर्गभर हातच हात झाले आणि प्रत्येक हाताचा धनी मिटल्या डोळ्यांनी समजत होता, नक्कल केली ती आपणच एकट्याने.

पहिल्या बाकावरचा एक हात तेवढा मांडीवर होता.

"उघडा," बाई म्हणाल्या. "चोराने किल्ली चोरली नाही. ती मीच सगळ्यांना वाटली होती. इतका वेळ तुम्ही एकमेकांच्या हातांकडे बघत होतात. माझ्याकडे बघायला हवं होतं."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आपण सगळेच एकमेकांचे जिराफ?" आणि थोडं हसू आलं, थोडी हवा आली.

बाईंनी सगळ्यांना भिंतींकडे तोंड करून बसवलं आणि उत्तरं बदलायला लावली. दुसऱ्या कुलुपाचा पाठही घेतला : पासवर्डनंतर आपल्याच फोनवर येणारा आकडा, जो मागणाऱ्याला कधीही सांगायचा नाही, मग तो कितीही गोड बोलो. त्या बोलत होत्या, पण डोकं दुसरीकडे होतं.

ज्यांना शुक्रवारपासून जिराफ माहीत होता, ते सोमवारी तीन-तीनदा चुकतील कशाला? एखादा चिमणी लिहील, पण तिन्ही वेळा खरीच नावं घोळवत बसणार नाही. सोमवारी आलेल्याला शुक्रवारचा पाठच ठाऊक नव्हता. आणि बुधवारी तोच माणूस एका झटक्यात आत गेला. मधे फक्त मंगळवार होता.

मंगळवारी जिराफ एकाच माणसाला भेटला होता. मधल्या सुट्टीत, याच फळ्याशी. आणि भेट बाईंनी स्वतः घालून दिली होती.

त्यांनी वळून पाहिलं. पहिल्या बाकावर थोरली एकटीच फळ्याकडे तोंड करून बसली होती आणि बाईंकडेच बघत होती.

५

शनिवारी दुपारी थोरली फुलांच्या दुकानात आली. बाईंनी बोलावलं होतं म्हणून नव्हे, तिला यायचंच होतं, असं तिच्या चालण्यावरून वाटत होतं. दुकानामागच्या खोलीत आईचा पलंग अजून होता. त्यावर आता रिकाम्या बादल्या आणि गुच्छांना बांधायच्या फिती होत्या. फुलवाली लिलीची देठं तिरकी कापत बसली होती.

"ताईला कशाला बोलावलंत?" तिने बाईंना विचारलं.

बाईंनी थोरलीकडे पाहिलं. "तुम्ही सांगता की मी सांगू?"

"तुम्ही सांगा," थोरली म्हणाली. आवाज शाळेतलाच होता, पण खालच्या पट्टीत. "माझी चूक कुठे झाली, तेही कळेल."

बाईंनी सोमवार सांगितला, मंगळवार सांगितला, बुधवार सांगितला. फुलवालीची कात्री थांबली.

"पण शब्द माहीत असणं वेगळं," थोरली म्हणाली. "माझ्या धाकटीने तोच लिहिला असेल, हे मला कसं कळावं?"

"तेच मलाही अडत होतं. वर्गात प्रत्येकाला वाटत होतं, नक्कल केली ती आपणच. दुसऱ्याने केली असेल असं कुणाच्या मनात येईना. हिला आतून-बाहेरून ओळखणाऱ्या माणसाच्याच ते येऊ शकतं."

थोरलीच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू येऊन गेलं. "पहिलीपासून अशीच आहे ती. फळ्यावर बाईंनी उदाहरणात संत्री लिहिली, की हिच्या वहीत वर्षभर संत्रीच."

"ताई, तू?" फुलवाली म्हणाली.

थोरलीने पर्समधून फोन काढून पलंगाच्या कडेवर ठेवला. "पुसली नाहीत गं. तुझ्या खात्यातून पुसली. माझ्याकडे आहेत सगळी, एकूण एक. सोमवारी चिमणी लिहिलं, चिऊ लिहिलं, चिमे लिहिलं. लागलंच नाही. मला एवढा राग आला तुझा, की खरं सांगायचं सोडून कुठे गेलीस तू."

"पण का?"

उत्तर द्यायच्या ऐवजी थोरलीने एक रेकॉर्डिंग लावलं. आई गात होती. मग दुकानाची घंटा वाजली, धाकटीची पावलं बाहेर गेली. थोड्या वेळाने दुसरी पावलं आत आली, टाचांच्या चपलांची.

"तू आलीस होय," आईचा आवाज म्हणाला. "मला ने ना गं तुझ्याकडे. थोडे दिवस. धाकटीला नको सांगू, तिला वाईट वाटेल."

"बघू, आई. परीक्षा होऊ देत."

"परीक्षा कधी संपतात तुझ्या?"

त्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज तेवढा होता.

"निघताना मला खिडकीत तुझा फोन दिसला," थोरली म्हणाली. "लाल ठिपका चालू होता. त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर. मी जगाला सांगत आले, आईच यायला तयार नाही. घर लहान नव्हतं माझं. वेळ नव्हता, असं म्हणायची मी. खरं म्हणजे तिला धरून बसवायचं, भरवायचं, याची भीती वाटायची. तू ते सगळं करत होतीस आणि मी लांबून शहाणपणा शिकवत होते. मग तू म्हणालीस, मास्तरांना देणार. वाचनालयात लोक कानाला लावून ऐकणार, मुख्याध्यापिकाबाई आईला काय म्हणाल्या ते. तुझा त्यात काही दोष नव्हता, तरी तुझी आई मी चोरून नेली. सगळं ऐकायचं नव्हतं मला, तेवढं एक काढून टाकायचं होतं. ते शोधता शोधता बाकीची ऐकली. आणि मग..."

तिने दुसरं रेकॉर्डिंग लावलं. गाणं संपलं होतं. आईचा आवाज म्हणाला, "ताईला फोन लाव ना." थोडी शांतता. मग धाकटीचा आवाज, अगदी हळुवार, "लावला, आई. उचलत नाही गं ती."

आणखी एक. गाणं, आणि मग तेच. "लाव ना." शांतता. "उचलत नाही, आई. कामात असेल."

बाई मान वळवून खिडकीबाहेर बघू लागल्या. त्या शांततांमध्ये पलीकडे घंटा जात असल्याचा आवाज नव्हता. बटणं दाबल्याचा नव्हता. लागलेला फोन, न लागलेला फोन, लागून न उचललेला फोन, या सगळ्यांची शांतता वेगवेगळी असते, हे त्यांच्या कानाला चांगलं ठाऊक होतं. कानावर आलेलं सगळं ओठांवर आणायचं नसतं. त्याच शिस्तीत त्यांची सगळी नोकरी झाली होती.

"असं जवळजवळ प्रत्येक गाण्यानंतर आहे, म्हणून सगळीच नेली," थोरली म्हणाली आणि तिचा मुख्याध्यापिकेचा आवाज मधूनच तुटला. "मला आठवतसुद्धा नाहीत तुझे ते फोन. वर्गात असेन, मीटिंगमध्ये असेन. नेलं नाही तिला, ते एक झालं. पण निदान आवाज तरी ऐकवायचा होता. ती फोनची वाट बघत पडून राहायची आणि मी एकदाही उचलला नाही. एकदाही नाही गं. बुधवारपासून मला घास गिळत नाही. तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने येणार होते मी?"

ती पलंगाच्या कडेला बसली, बादल्यांच्या शेजारी, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. इतक्या वर्षांत तिला कुणी असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

बाई उठल्या. चोर सापडला होता, चोरलेलं परत आलं होतं. यापुढचं घर बहिणींचं होतं. पण फुलवालीने हात धरून त्यांना थांबवलं, बघायला कुणीतरी हवं असल्यासारखं. दुसऱ्या हातातली कात्री तिने खाली ठेवली. तिचा चेहरा कापलेल्या देठासारखा पांढरा पडला होता.

"ताई, रडू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या फोनवर माझे न उचललेले फोन कधी दिसले होते तुला?"

"म्हटलं ना, आठवत नाहीत."

"दिसणारच नाहीत." फुलवालीने बाईंचा हात सोडला. "मी फोन लावायचेच नाही. नुसता कानाला धरायचे आणि तिला सांगायचे, ताई उचलत नाही. एकदा जरी तुझा आवाज ऐकला असता ना तिने, तर ती माझ्याकडे राहिली नसती."